हॉटेलसारखं, घरच्यासारखं

आमच्या घरी एखादा पदार्थ फक्कड जमला की दाद ठरलेली आहे. "अगदी हॉटेलसारखं झालंय!" पावभाजी असो, पनीरची भाजी असो, नाहीतर रविवारचा डोसा, कौतुकाची मजल यापुढे जात नाही. आणि हॉटेलात गेल्यावर समोरचं ताट खरोखर आवडलं, तर तीच माणसं तितक्याच मनापासून म्हणतात, "अगदी घरच्यासारखं आहे हं!" यात काही गंमत आहे, हे आमच्याकडे कोणाच्या ध्यानात आलेलं नाही. मीही चाळिशी उलटेपर्यंत दोन्ही वाक्यं सुखेनैव बोलत होतो.

हॉटेलवाल्यांना मात्र ही गंमत पक्की ठाऊक आहे. 'येथे घरगुती चवीचे जेवण मिळेल' ही पाटी पुण्यात शोधावी लागत नाही. 'हॉटेलच्या चवीचे जेवण मिळेल' अशी पाटी लावणारा शूर अजून जन्माला यायचा आहे. (हॉटेल हा शब्दही आपण कसा वळवून घेतलाय बघा. मूळ अर्थ मुक्कामाची जागा. आपल्याकडे हॉटेलात राहायला कोणी जात नाही, त्यासाठी लॉज असतो. चार बाकडी, एक स्टोव्ह आणि भज्यांची परात मांडली की झालं हॉटेल.)

हे सगळं डोक्यात घोळायला लागलं ते पिझ्झामुळे.

आमटीचं कसं असतं, प्रत्येकाच्या डोक्यात एक घरची आमटी असते आणि बाहेरची प्रत्येक आमटी तिच्याशी तोलली जाते. पिझ्झाला असं माप नाही. माझ्या पिढीत कुणाच्याही आजीनं पिझ्झा केलेला नाही. आणि माप नसलं की मतं उदंड. आमच्या शनिवारच्या अड्ड्यावर राजकारणावरून कोणी अबोला धरल्याचं मला आठवत नाही, पिझ्झावरून मात्र दोघं आठवडाभर बोलत नव्हते. एकाला पापडासारखा पातळ बेस लागतो, दुसऱ्याला तो पोटाला लागतच नाही. एकजण कंपनीच्या कामानं चार महिने इटलीत मिलानला राहून आला, तेव्हापासून तो केचपच्या बाटलीकडे पाहून नुसता उसासा टाकतो.

आमच्यातल्या जैन मित्राची सगळे वर्षानुवर्षं कीव करत आलो. कांदा नाही, लसूण नाही, मग त्या पिझ्झात राहिलं काय? एकदा मिलानवाल्यानंच मोठ्या नाइलाजानं सांगितलं की तिथल्या नेपल्स शहराच्या मार्गारिटा पिझ्झात कांदाही नसतो आणि लसूणही. टोमॅटो, मोझरेला, तुळशीच्या जातीतला तो बेझिल आणि वरून ऑलिव्ह तेल, बास. म्हणजे इतकी वर्षं आमच्यात सगळ्यात सोवळा पिझ्झा तोच खात होता, आणि आम्ही त्याला 'अ‍ॅडजस्ट कर रे' म्हणत होतो. त्या दिवसापासून त्याची मान जी ताठ झालीय ती अजून खाली आलेली नाही.

अननसाचा वाद तर काढूच नये. पिझ्झावर अननस घालायची कल्पना हवाईतली नाही, कॅनडातली आहे. ओंटारियोतल्या चॅटम गावात सॅम पानोपुलोस नावाच्या मूळच्या ग्रीक हॉटेलवाल्यानं १९६२ साली डब्यातला अननस घालून पाहिला. २०१७ साली आइसलँडचे राष्ट्राध्यक्ष शाळकरी मुलांपुढे गमतीनं म्हणाले की जमलं तर मी यावर बंदी घालीन, आणि मग त्यांना जाहीर खुलासा करावा लागला की राष्ट्राध्यक्षाला एवढे अधिकार नसतात. आमच्यातला अननसवाला मात्र शांत असतो. त्याची आई गोव्याची. आंबा, अननस, खोबरं आणि वाटलेली मोहरी घालून केलेलं सासव ज्यानं लहानपणी भाताबरोबर ओरपलंय, त्याला तिखट-गोडाच्या युतीची भीती कोण घालणार?

आजीनं पिझ्झा केला नाही म्हणालो खरा, पण आईनं केला होता.

डॉमिनोज आणि पिझ्झा हट ही दोन्ही नावं भारतात आली १९९६ साली. पहिलं दिल्लीत, दुसरं बेंगळुरूत. आमच्या पेठेत त्यांची हवा पोचायला आणखी बराच काळ गेला. पण त्याआधीच कोपऱ्यावरच्या बेकरीत पिझ्झाचे बेस मिळायला लागले होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन, पांढुरके, जाडजूड, वर काट्यानं टोचल्यासारखी भोकं. पिशवी उघडली की यीस्टचा किंचित आंबूस वास यायचा. आई त्याला आतून-बाहेरून लोणी लावायची, वर टोमॅटो केचप, उभी चिरलेली ढोबळी मिरची, कांद्याच्या चकत्या, आणि अमूलच्या चीजचे दोन क्यूब किसणीवर किसून. किसताना शेवटचा तुकडा बोटांच्या फार जवळ यायचा, तो न किसता तोंडात टाकायचा हक्क माझा. ओरेगॅनो हे नावही आम्हाला ठाऊक नव्हतं. कुठल्याशा मासिकात 'इटालियन मसाला' वाचून आईनं तळहातावर ओवा चोळून घातला होता. तेव्हा सगळे हसलो. पुढे कळलं की ओव्यातलं थायमॉल आणि ओरेगॅनोतलं कारव्हॅक्रॉल यांचं रेणुसूत्र एकच, अणूंची मांडणी तेवढी वेगळी. आईच्या नाकाला ते रसायनशास्त्र न शिकताच कळलं होतं. आता आमच्या फ्रिजच्या दारात ओरेगॅनोच्या फुकट आलेल्या इतक्या पुड्या साठल्यात की ओव्याची बाटली मागे गेली.

तर हे सगळं लोखंडी तव्यावर ठेवायचं, वर घट्ट झाकण, गॅस बारीक. चीज विरघळायचं, पण त्याला तार यायची नाही. जाहिरातीत तुकडा उचलला की हातभर तार, आणि आमच्याकडे पाक बिघडल्यासारखा नुसता चिकट थर. मी आईला दोष द्यायचो. दोष चीजचा होता. मोझरेला करताना दह्याच्या गोळ्यासारखा गोळा गरम पाण्यात पुन्हा पुन्हा ताणतात, त्यामुळे त्यात धागे तयार होतात. प्रोसेस्ड चीजमध्ये क्षार घालून सगळं एकजीव करून टाकलेलं असतं. ते मऊ होतं, ओघळतं, ताणत नाही. पण हे शाळकरी पोराला कोण सांगणार? मी तेव्हा जेवढं कौतुक करता येईल तेवढं केलं. म्हणालो, "जवळजवळ हॉटेलसारखं झालंय." त्या 'जवळजवळ'वर आई दोन दिवस धुसफुसत होती.

नेपल्सबद्दल वाचायला लागलो तेव्हा एक सोक्षमोक्ष लागला. पिझ्झा तिथंसुद्धा मुळात घरचा पदार्थ नाहीच. शहरातल्या गरिबांकडे भट्टी कुठली? पिझ्झा रस्त्यावर विकला जायचा, चारपदरी घडी घालून उभ्या-उभ्या खाल्ला जायचा. १८८९ साली राणी मार्गारिटा आली आणि राफाएले एस्पोझितो नावाच्या पिझ्झावाल्यानं इटलीच्या झेंड्याच्या तीन रंगांचा पिझ्झा तिला खिलवला, ही गोष्ट सगळीकडे सांगतात. तिच्या पुराव्यादाखल दाखवलं जाणारं पत्र इतिहासकारांना तितकंसं पटत नाही. मला राणीपेक्षा उधारीची गोष्ट जास्त आवडली. दुसऱ्या महायुद्धानंतर मोडक्यातोडक्या शहरात बायका दारातच कढई ठेवून पिझ्झा तळायच्या आणि 'आज खा, आठ दिवसांनी पैसे द्या' या बोलीवर विकायच्या. त्याला नावच पडलं आठाचा पिझ्झा. खानावळीत महिन्याचं खातं ठेवून जेवलेल्या कुठल्याही पुणेकराला हे कळायला अनुवाद लागू नये.

युनेस्कोनं २०१७ साली आपल्या वारशाच्या यादीत घेतली ती पिझ्झा करणाऱ्यांची कला, पिझ्झा नव्हे. हा फरक मी आधी शब्दच्छल समजलो होतो. मग ओव्हन घेतला.

ओव्हन म्हणजे ओटीजी, ओट्यावर मावणारा विजेवरचा. कमाल तापमान अडीचशे अंश. पहिल्या शनिवारी पीठ मळून चोवीस तास फ्रिजमध्ये ठेवलं, टोमॅटो उकडून गाळले, मोझरेला आणलं, दगडी लादीसुद्धा आणली. पंधरा मिनिटांनी जे बाहेर आलं त्याला माझ्या मुलीनं एका शब्दात न्याय दिला: "खारी." खरोखरच चहात बुडवायच्या लायकीचं होतं. नेपल्सच्या पिझ्झावाल्यांच्या संघटनेचे नियम काढून पाहिले, तर भट्टी सव्वाचारशे-साडेचारशे अंशांच्या पुढे आणि पिझ्झा आत साठ ते नव्वद सेकंद. सेकंद! तेवढ्यात कडा फुगते, डाग पडतात आणि आतलं पाणी आतच राहतं. माझ्याकडे त्याला पंधरा मिनिटं सुकायला वेळ मिळत होता. मी पिझ्झा भाजत नव्हतो, वाळवण घालत होतो.

तेव्हा पहिल्यांदा उलगडलं की 'हॉटेलसारखं' म्हणजे बऱ्याच अंशी नुसता जाळ. तंदूरची रोटी, चायनीजच्या कढईतला तो धुरकट वास, पाणी शिंपडून झाडूनं पुसलेल्या भल्याथोरल्या तव्यावरचा डोसा; आपण मसाल्याचं गुपित शोधत बसतो आणि गुपित शेगडीत असतं. उरलेलं लोण्यात.

आणि 'घरच्यासारखं'? त्याचं उत्तर मला भाकरीत सापडलं. माझ्या मते भाकरी हा हॉटेलात मिळूच नये असा पदार्थ आहे. भटारखान्यातून निघते तेव्हा ती टम्म असेलही, पण टोपलीत, रुमालाखाली, चार टेबलं ओलांडून येईपर्यंत तिची वाफ जिरते आणि पापुद्रा चामड्यासारखा होतो. घरी तव्यावरून ताटात यायला दोन पावलं. पापुद्रा फोडला की आतून बोटाला चटका बसतो आणि लोण्याचा गोळा बघता बघता पाझरतो. चव घरची म्हणतो ती बरीचशी त्या दोन पावलांची. नेपल्सवालेही हेच बजावतात, भट्टीतून निघालेला पिझ्झा तिथंच, लगेच खा. मग खोक्यात कोंडून स्कूटरवरून शहरभर फिरवलेल्या पिझ्झाकडून आपण नक्की कसली अपेक्षा करतो? 'तीस मिनिटांत नाही आला तर फुकट' या जाहिरातीच्या दिवसांत आम्ही सगळे घड्याळ लावून बसायचो आणि तो वेळेत आला की हिरमुसायचो. वाफेनं भिजलेला पुठ्ठा आणि वाफेनं भिजलेला बेस यांत फार फरक नसायचा, पण तार मात्र यायची.

ही सगळी मीमांसा मी एकदा जेवताना आईला ऐकवली. दोन पावलं वगैरे. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला हॉटेलातली भाकरी आवडते."

"ती? चिवट?"

"गरम असते की."

मी वाद घालायला तोंड उघडलं आणि मिटलं. ती तव्याशी, आम्ही ताटाशी. चटका आमच्या बोटांना. तिच्या ताटात पडायची ती शेवटची, नाहीतर आधीची, डब्यातली, तोवर गार झालेली. हॉटेलात तिला आयती पुढ्यात यायची. चार टेबलं ओलांडून आली तरी तिच्या नेहमीच्या भाकरीपेक्षा ती गरमच.

गेल्या शनिवारी पुन्हा पिझ्झाचा घाट घातला. या वेळी लादी तासभर तापवली, पीठ जरा सैल ठेवलं, टॉपिंगचा हात आखडता घेतला. ओव्हनमध्ये एका वेळी एकच मावतो. पहिला आईच्या पुढ्यात. मग मुलगी, मग बायको, मग अड्ड्यावरचे दोघं, त्यात पुन्हा एकाचा बिनकांद्याचा. "अरे तूही बस ना," असं कोणीतरी म्हणत होतं, आणि पिठाचे हात घेऊन मी ओव्हनच्या काचेतून आत बघत म्हणत होतो, "तुम्ही सुरू करा, हा एवढा झाला की आलोच." आईनं यावर माझ्याकडे पाहिलं, पण बोलली काही नाही. लसणाच्या चटणीची बरणी तेवढी मागितली. मिलानवाल्यानं छताकडे पाहिलं.

माझ्या वाट्याचा शेवटचा पिझ्झा झाला तेव्हा साडेदहा वाजले होते आणि भूक मेली होती. दोन तुकडे खाऊन बाकीचा झाकून ठेवला.

सकाळी स्वयंपाकघरातून लोणी तापल्याचा वास आला. आईनं तोच जुना लोखंडी तवा काढला होता. त्यावर रात्रीचे तुकडे, कडेला पाण्याचे दोन थेंब, वर झाकण, गॅस बारीक. खालून कुरकुरीत, वरून मऊ. ओव्हनमधून निघाला होता त्याहून बरा. मी उभ्या-उभ्याच एक तुकडा उचलला, बोटं भाजली.

"बेकरीचा बेस आणला असतास तर रात्रभर ताटकळला नसतास," आई म्हणाली. "त्यात काय वाईट होतं?"

"काही नाही," मी म्हणालो, "हॉटेलसारखा व्हायचा."

"जवळजवळ," ती म्हणाली, आणि झाकण पुन्हा ठेवलं.