परक्या वाद्यात शिरलेली चाल

बेळगावात शास्त्रीय संगीताचा कान असलेली माणसे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यापैकी अनेकांना सिंथेसायझर हे वाद्यच वाटत नाही. त्यांच्याशी बोलताना मी दरवेळी चरणजित सिंग यांच्या १९८२ च्या ध्वनिमुद्रिकेवर येतो. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वर्षानुवर्षे वादन केलेल्या या कलावंताने भैरव, ललित, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर, रोलँड कंपनीच्या तीन यंत्रांवर वाजवले. त्यांतले टीबी-३०३ हे यंत्र बास गिटारची नक्कल करण्यासाठी बनवले होते आणि ते काम त्याला नीट जमले नाही. पण एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय त्याच्यात होती, आणि मींडेची सवय असलेल्या आपल्या कानाला ती घसरण लगेच ओळखीची वाटते. तबला नाही, तानपुरा नाही, श्वास घेणारा गळा नाही, तरीही राग ओळखू येतो, कारण स्वरांची निवड आणि त्यांची चलने शाबूत आहेत. जे हरवते तेही तितकेच स्पष्ट ऐकू येते: तोडीच्या कोमल गंधाराला गायक जे आंदोलन, म्हणजे हलका झोका, देतो, ते यंत्राच्या बांधलेल्या स्वरात सापडत नाही. पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या फ्युचर या गटाने हेच यंत्र वापरून ॲसिड हाऊस नावाच्या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताची वाट पाडली, त्यामुळे २०१० मध्ये चरणजित सिंग यांची ध्वनिमुद्रिका पुन्हा निघाली तेव्हा तोच आवाज त्याच्याही आधीचा आहे हे ऐकून जगभरचे श्रोते चकित झाले.

सतारवादक आनंद शंकर यांनी १९७० मध्ये रोलिंग स्टोन्स आणि डोअर्स या पाश्चात्त्य रॉक गटांची गाणी सतारीवर वाजवली होती. ती ऐकायला सुखद आहेत, परंतु माझ्या मते तिथे सतार मूळ चालीवर पांघरलेली राहते, चालीला हात घालत नाही.

कॅनडातल्या लँगलीच्या शाळकरी मुलांनी मात्र तो हात घातला. त्यांचे शिक्षक हॅन्स फेंगर यांनी १९७६-७७ मध्ये शाळेच्या व्यायामशाळेत त्यांच्याकडून लोकप्रिय गाणी गाऊन घेतली. अंतराळात एकट्या पडलेल्या माणसाचे इंग्लिश गायक डेव्हिड बोवी यांचे गाणे त्या कच्च्या, सामूहिक आवाजात मूळ गाण्यापेक्षाही एकाकी वाटते. सफाई नसल्यामुळेच शब्द उघडे पडतात.

आपल्या सीमाभागाला असे स्थलांतर नवीन नाही. पुरंदरदासांचे ‘भाग्यदा लक्ष्मी बारम्मा’ हे पद कर्नाटक पद्धतीत बहुधा मध्यमावती रागात ऐकू येते. भीमसेन जोशींनी ते हिंदुस्थानी गळ्याने गायले, आणि कन्नड न बोलणाऱ्या मराठी घरांतही ते आपलेसे झाले. बेळगावजवळच्या सुळेभावी गावात १९२४ मध्ये जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी उलट दिशेचा प्रवास केला: देवासला दीर्घ आजारपणात ऐकलेल्या माळव्याच्या लोकधुनांमधून त्यांनी धुनउगम राग उभे केले, म्हणजे अंगणातली चाल मैफिलीत नेली. त्यांच्यावरही परंपरा मोडल्याचा आरोप झालाच. कुमारजींना आपले मानणाऱ्या रसिकांनी चरणजित सिंग यांचा भैरव एकदा तरी पूर्ण ऐकावा, आणि तो अर्थातच ठेक्याकडे थोडे दुर्लक्ष करून, कोमल ऋषभ आणि कोमल धैवत कसे लागतात तिकडे लक्ष ठेवून.