कागदाचा कल

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील आमच्या घरात आजोबांच्या दुकानाचे, लाल कापडात बांधलेले चार चोपडे अजून आहेत. गुजरातेत दिवाळीला ज्यांची पूजा होते, तेच हे हिशेबाचे चोपडे. इतक्या वर्षांनंतरही ते कोणत्याही पानावर उघडले तरी सपाट पडतात आणि त्यांतील एकही पान सुटलेले नाही; मी विकत घेतलेल्या कादंबऱ्यांची पाने मात्र दुसऱ्या वाचनातच हाती येतात. हा फरक शिवणीचा आहे, हे कळल्यावर मी गेल्या उन्हाळ्यात हाताने पुस्तक बांधायला शिकायचे ठरवले.

रावपुऱ्यात कचेऱ्यांची रजिस्टरे बांधणारे एक वृद्ध बाइंडर आहेत. ते शिकवणी देत नाहीत, परंतु दुपारी काम कमी असताना शेजारी बसू देतात, आणि तेवढ्यावरच माझे शिक्षण झाले. चार कागद एकात एक घालून दुमडले की सोळा पानांचा एक जुज होतो. असे सहा जुज एकमेकांना शिवले की शहाण्णव पानांची वही तयार होते. घडीवर आरीने भोके पाडायची, दोऱ्याला मेण चोळायचे आणि प्रत्येक जुज शिवून झाला की टोकाशी खालच्या जुजाच्या टाक्यात दोरा अडकवून गाठ घ्यायची, ही जुजबंदीची रीत. दोरा कण्याला, म्हणजे वहीच्या शिवलेल्या पाठीला, समांतर ओढायचा असतो, हे मला तीन घड्या फाटल्यावर समजले, कारण तो सरळ वर ओढला की भोकाशी कागद चिरतो.

शिवण जमली म्हणून मी निर्धास्त झाले आणि खरी फजिती पुढे झाली. घरी बांधलेली पहिली वही जुलैच्या दमट हवेत पापडासारखी वाकली, आणि पाने कण्यापाशी लाटांसारखी उठली. मी खळीला दोष दिला. त्या बाइंडरकाकांनी वही हातात घेतली, एक पान हलकेच वाकवून पाहिले आणि म्हणाले, “ताई, कागद आडवा घेतलात तुम्ही.”

यंत्रावर तयार होणाऱ्या कागदातील बहुतेक तंतू एकाच दिशेने पडतात. ओल लागली की तंतू लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत फुगतात. त्यामुळे कागद तंतूंच्या आडव्या दिशेने पसरतो. हे तंतू कण्याला समांतर असतील तर पानाला बाहेरच्या कडेकडे पसरायला जागा मिळते. ते आडवे असतील तर शिवणीने जखडलेल्या बाजूलाच कागद फुगू पाहतो आणि सुरकुततो. छपाईयंत्रासाठी मिळणाऱ्या ए-फोर कागदात तंतू सहसा लांब बाजूने धावतात, म्हणून तो मधोमध दुमडला की ते नेमके कण्याला आडवे येतात. मी पूर्ण रीम त्याचीच आणली होती! पुठ्ठ्यालाही हाच नियम लागू पडतो, आणि माझा पुठ्ठाही आडवाच कापलेला होता.

त्यानंतर मी मोठे ताव आणू लागले आणि कापण्याआधी प्रत्येक ताव दोन्ही बाजूंनी वाकवून पाहू लागले. ज्या बाजूला तो सहज वळतो, त्या वळणाच्या रेषेला तंतू समांतर असतात. शंका राहिली तर एक पट्टी फाडून पाहावी, तंतूंच्या दिशेने ती बऱ्यापैकी सरळ फाटते.

खळीबद्दल थोडेच सांगते. मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर चकाकी येईपर्यंत शिजवायचा आणि गार करून वापरायचा. जुने बाइंडर कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालत. ते विषारी असल्याने मी ते स्वयंपाकघरातल्या भांड्यात घातले नाही आणि खळ रोज ताजी केली. पुठ्ठ्याला बाहेरून कापड लावले की तो बाहेरच्या बाजूला वाकतो, आतून कागद चिकटवला की ती ओढ बरीचशी सावरते, आणि मग वही वजनाखाली दाबून ठेवावी लागते. माझ्याकडे शिकंजा नाही. घरातल्या वरवंट्याचा पाटा पुरतो.

दुसरी वही ऑगस्टभर सरळ राहिली. मी ती काकांना दाखवली, तेव्हा त्यांनी कण्यावर अंगठा फिरवला आणि वरच्या टोकाची गाठ सैल असल्याचे सांगितले. ती अजून तशीच आहे. त्या वहीत आता मी दूधवाल्याचा हिशेब लिहिते.