हॅण्डब्रेकचं चाक फिरतं, पण ब्रॅकेट धरतो का?

मालगाडीच्या वॅगनचा हॅण्डब्रेक तपासायचा म्हटलं की बहुतेक जण चाक धरतात, दोन वेढे फिरवतात, उलटे सोडतात आणि पुढच्या वॅगनकडे वळतात. ही तपासणी चुकीची नाही, पण अर्धीच आहे. चाकावर लावलेला जोर ब्रेक ब्लॉकपर्यंत, म्हणजे वॅगनच्या चाकांवर दाबल्या जाणाऱ्या ठोकळ्यांपर्यंत, पोहोचतो तो मधल्या आधारांच्या जिवावर: सोलबारला (वॅगनच्या सांगाड्याच्या लांब बाजूच्या तुळईला) बसवलेले ब्रॅकेट, त्यांतले बुश (दांडा ज्यात फिरतो ती नळी) आणि दांडा जागेवर ठेवणारे नट-पिन. चाक नुसतं फिरवताना या आधारांवर भारच येत नसतो. तडा गेलेला ब्रॅकेट तेव्हा निमूट उभा राहतो आणि ब्रेक खरोखर आवळायची वेळ आली की वाकतो.

बडोद्याच्या आसपास काम करणाऱ्यांना हे नीट माहीत असावं, कारण इथे वॅगन उभ्या राहतात फार. कोयली रिफायनरीच्या टँक वॅगन करचिया यार्डात, खताच्या बीसीएन (बंद डब्याच्या वॅगन) बाजव्याकडे, शिवाय खासगी सायडिंग वेगळ्या. इंजिन सुटलं की एअरब्रेकचा भरवसा तासागणिक कमी होतो. ब्रेक पाइपमध्ये ५ किलो दाब होता आणि सिलिंडरमध्ये ३.८ किलो आला, हे खरं. पण सिलिंडरचा पॅकिंग कप (हवा अडवणारी रबरी वाटी) किंवा एखादा जॉइंट हळूहळू गळत असेल तर काही तासांनी तिथे काहीच उरत नाही. त्यानंतर गाडी धरून ठेवायची ती हॅण्डब्रेकने आणि चाकाखालच्या लाकडी गुटक्यांनी. २५ फेब्रुवारी २०२४ रोजी कठुआहून खडी भरलेली मालगाडी ड्रायव्हरविना सुटली आणि सुमारे ७० किलोमीटर पळून पंजाबात उंची बस्सीजवळ थांबली. उभी गाडी नीट न बांधल्याचा तो प्रकार होता.

जोर कुठून कुठे जातो

रचना वॅगनगणिक बदलते. बॉक्सएनसारख्या (उघड्या डब्याच्या) जुन्या पद्धतीच्या वॅगनवर चाक बाजूला, सोलबारजवळ असतं. चाकाचा दांडा ब्रॅकेटमधल्या बुशातून आत जातो, पुढे गिअर किंवा स्क्रू त्या फिरण्याचं ओढीत रूपांतर करतो आणि पुल रॉड ती ओढ ब्रेकच्या लिव्हरपर्यंत नेतो. बोगीवरच (चाकं बसवलेल्या खालच्या गाड्यावरच) ब्रेक सिलिंडर असलेल्या नव्या वॅगनवर पुल रॉडऐवजी केबल येते. पण दोन्हीकडे हिशेब एकच. पुल रॉडमध्ये जितकी ओढ, तितकीच उलटी प्रतिक्रिया ब्रॅकेटवर. स्क्रूमुळे हाताचा जोर कित्येक पटींनी वाढतो आणि तो वाढलेला जोर ब्रॅकेटच्या मुळाशी, म्हणजे सोलबारला तो जिथे चिकटतो तिथे, वाकवणारा ताण होऊन बसतो. म्हणून तडा जवळजवळ नेहमी तिथेच सुरू होतो: वेल्डच्या कडेला, ओढीच्या बाजूच्या कोपऱ्यात, किंवा रिव्हेटच्या भोकाच्या काठावर.

गंजाचं गणित इथे लक्षात ठेवण्यासारखं आहे. वाकवणाऱ्या ताणात पट्टीची ताकद जाडीच्या वर्गाने बदलते. १० मिलिमीटरची पट्टी झिजून ७ वर आली तर नजरेला ३० टक्केच कमी दिसते, पण वाकण्याविरुद्धची ताकद ०.७ गुणिले ०.७, म्हणजे ०.४९, निम्म्यावर आलेली असते. म्हणून ‘अजून बरीच शिल्लक आहे’ हा अंदाज डोळ्याने करू नये. खपली हातोडीने पाडा, वायर ब्रश मारा आणि व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावा. खत आणि मीठ वाहणाऱ्या वॅगनवर ब्रॅकेट आणि सोलबारच्या फटीत ओल धरून राहते. तिथला गंज आतून पट्टीला फुगवतो आणि बाहेरून रंग शाबूत दिसतो. पावसाळ्यानंतरच्या तपासणीत ही फट पत्र्याच्या पातळ पट्टीने खरवडून बघण्याइतका वेळ काढावाच.

बघायचं कसं

आधी सुरक्षितता, आणि ती आटोपशीर: वॅगनच्या दोन्ही टोकांना लाल झेंडी, रात्री लाल दिवा, चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके, ब्रँच पाइपचा आयसोलेटिंग कॉक (वॅगनची हवा तोडणारा) बंद, ऑक्झिलरी आणि कंट्रोल रिझर्व्हायर (हवेच्या टाक्या) रिकामे. हॅण्डब्रेकचेच आधार सोडायचे आहेत, त्यामुळे वॅगन थांबवायला हॅण्डब्रेक धरता येणार नाही हे सांगायला नको.

मग चाक सोडून दांड्याकडे या. दांडा वर-खाली आणि पुढे-मागे हलवा. बुशातला खेळ नजरेला दिसण्याइतका असेल तर बुश गेला. बुश झिजला की दांडा तिरका चालतो, गिअरचे दात एका कडेवर भार घेतात आणि ब्रॅकेटला पीळ बसायला लागतो. नवा ब्रॅकेट लावून जुना बुश ठेवण्याची काटकसर म्हणूनच महाग पडते.

रिव्हेट तपासायला एका बाजूला बोट टेकवा आणि दुसऱ्या बाजूने छोट्या हातोडीने टोला द्या. घट्ट रिव्हेट खणखणीत वाजतो, सैल रिव्हेटचा थरथराट बोटाला कळतो. डोक्याखालून तांबूस पावडरीचा ओघळ दिसला तर हातोडीचीही गरज नाही, सांधा हलतोय. बोल्ट असेल तर नटावर चावी लावण्याआधी नट पुन्हा फिरू नये म्हणून काय केलंय ते बघा: स्प्लिट पिन, लॉकनट की काहीच नाही. अमेरिकेच्या वॅगन-सुरक्षा नियमांत, म्हणजे तिथल्या संघीय नियमावलीच्या भाग २३१ मध्ये, ब्रेकची साखळी ड्रमला धरणाऱ्या बोल्टचं टोक नटावर ठोकून पसरवायला सांगितलं आहे. ब्रेकचा दांडा किमान सव्वा इंच व्यासाचा, जोडवेल्ड नसलेला, आणि चाकाच्या कडेभोवती किमान ४ इंच मोकळी जागा हेही तिथे आकड्यांत लिहिलेलं आहे. आपल्याकडे वॅगनच्या रेखाचित्राप्रमाणे चालायचं. पण त्या ४ इंचांमागचा विचार इथेही पटतो: वाकलेल्या ब्रॅकेटमुळे चाक बॉडीकडे सरकलं की माणूस पूर्ण जोर लावतच नाही, बोटं वाचवतो.

संशय असलेल्या कोपऱ्यात डाय पेनिट्रंट (तड्यात शिरून तो दाखवणारा रंग) मारा. धातू उघडा आणि कोरडा करा, लाल रंग फवारून निदान १० मिनिटं थांबा, कापडाने पुसा, मग पांढरा डेव्हलपर. क्लीनर थेट तड्यावर फवारला तर आतला रंगही धुऊन निघतो आणि तडा ‘नाहीसा’ होतो. कापडावर क्लीनर घ्या आणि पुसा.

बिघडतं कशाने

पहिलं कारण पाइप. चाकाची त्रिज्या समजा २० सेंटिमीटर आणि माणसाचा जोर ४० किलो, तर पीळ ८ किलो-मीटर. तोच माणूस चाकाच्या आऱ्यांत १ मीटरचा पाइप किंवा सब्बल अडकवतो तेव्हा पीळ ४० किलो-मीटर, पाचपट. ब्लॉक तेवढे जास्त आवळत नाहीत, कारण गंजलेला स्क्रू बराच जोर स्वतःच खातो. बाकीचा ब्रॅकेट खातो. स्क्रू साफ करून ग्रीस लावायचा कंटाळा आणि पाइप हे दोन्ही एकाच यार्डात सापडतात.

दुसरं, हॅण्डब्रेक न सोडता गाडी ओढणं. यात चाकं घासत जातात, टायरवर सपाट चट्टा पडतो (मालगाडीला ६० मिलिमीटरची मर्यादा आहे) आणि ब्लॉक चाकाबरोबर ओढले जाताना तो झटका पुल रॉडमधून उलटा ब्रॅकेटपर्यंत येतो. चट्टा पडलेली वॅगन सिक लाइनवर (नादुरुस्त वॅगनच्या रुळावर) आली की चाकाबरोबर हॅण्डब्रेकचे आधारही तपासा. सहसा कोणी तपासत नाही.

तिसरं, लोडिंग करणारी यंत्रं. सायडिंगमध्ये लोडरच्या बकेटचा कोपरा लागून चाकासकट ब्रॅकेट आत दबतो. अशा वेळी ब्रॅकेट सरळ करण्याआधी सोलबार बघा. सोलबारच आत गेला असेल तर नवा ब्रॅकेटही तिरकाच बसणार.

दुरुस्ती

तडा नसलेला, नुसता वाकलेला ब्रॅकेट गरम करून सरळ करता येतो. मंद लाल रंगापुढे, म्हणजे साधारण ६५० अंशांपुढे, जाऊ नका आणि पाणी ओतून थंड करू नका. वाकलेल्या जागी कडेला बारीक चीर दिसली की सरळ करायचा विचार सोडा आणि बदला. ब्रॅकेट ही स्वस्त वस्तू आहे. त्यावर वेल्डवर वेल्ड चढवत बसण्यात अर्थ नाही.

तडा सोलबारमध्ये गेला असेल तर काम वाढतं. तड्याच्या दिसणाऱ्या टोकाच्या किंचित पुढे ६ ते ८ मिलिमीटरचं भोक पाडा, नाहीतर वेल्ड करतानाच्या उष्णतेने तडा पुढे पळतो. मग ग्राइंडरने सुमारे ६० अंशांची व्ही खाच, पुन्हा डाय पेनिट्रंट, आणि तडा पूर्ण निघाल्याची खात्री पटल्यावरच भरणी. साध्या पोलादाला ई-७०१८ जातीचा कमी-हायड्रोजन इलेक्ट्रोड, तोही ओव्हनमधून काढलेला. बडोद्यातल्या जुलै-ऑगस्टच्या हवेत उघड्या पाकिटातला इलेक्ट्रोड ओल धरतो आणि वेल्डखाली नंतर केसासारखे तडे जातात. बॉक्सएनएचएलसारख्या स्टेनलेस बॉडीच्या वॅगनवर हा इलेक्ट्रोड सरसकट वापरू नका. आधी त्या भागाचं पोलाद ओळखा, मग इलेक्ट्रोड निवडा.

नवा ब्रॅकेट बसवताना दांडा आणि बुश आत घालूनच टॅक (वेल्डचे तात्पुरते ठिपके) मारा. दांडा हाताने मोकळा फिरतोय हे बघून मग वेल्ड पूर्ण करा, तेही एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, म्हणजे ओढ समान पडेल. ८ ते १० मिलिमीटरच्या पट्टीला साधारण ६ मिलिमीटरची फिलेट (कोपऱ्यातली वेल्ड) पुरते. रेखाचित्रात वेगळं असेल तर तेच खरं. सोलबारच्या फ्लँजच्या कडेवर आडवा वेल्ड नको, तिथून नवा तडा सुरू होतो. रिव्हेटचा सांधा असेल तर भोक रिव्हेटपेक्षा दीड मिलिमीटर मोठं, जास्त नाही. लांबोडकं झालेलं भोक रीमरने गोल करून पुढच्या मापाचा रिव्हेट घालावा. सैल रिव्हेटचं डोकं वेल्डने चिकटवून ‘घट्ट’ करणं ही दुरुस्ती नव्हे, लपवाछपवी आहे.

अर्थ क्लॅम्प (वेल्डिंगचा करंट परत नेणारा चिमटा) त्याच सोलबारवर, वेल्डच्या जवळ, घासून चकचकीत केलेल्या जागी. रुळाला किंवा चाकाला लावला तर करंट अॅक्सलच्या रोलर बेअरिंगमधून जातो, रोलरवर बारीक खड्डे पडतात आणि महिन्यांनी ती वॅगन हॉट अॅक्सलसाठी (बेअरिंग तापल्यामुळे) गाडीतून कापावी लागते. कारण कोणाला सापडत नाही.

टँक वॅगनचा नियम वेगळा आणि कडक. पेट्रोलचा ज्वलनबिंदू (फ्लॅश पॉइंट) २३ अंशांखाली असतो, त्यामुळे रिकामी बीटीपीएनही (पेट्रोलची टँक वॅगनही) वाफेने भरलेलीच समजायची. स्टीम क्लीनिंग होऊन गॅस-मुक्त असल्याची चाचणी नोंदलेली नसेल तर ब्रॅकेटला वेल्ड, गॅसकटर, ग्राइंडर काहीही नाही. लोडिंग सायडिंगमध्ये फक्त थंड काम: नट आवळणं, पिन बदलणं. बाकी सिक मार्क करून बाहेर काढा.

भाराखाली चाचणी

ही चाचणी सिलिंडरमध्ये हवा असताना घेतली तर निष्फळ, कारण ब्लॉक हवेने दाबलेले असतात आणि हॅण्डब्रेक आयतं श्रेय घेतो. कॅनडातल्या लाक-मेगान्तिकला ६ जुलै २०१३ रोजी ४७ माणसं मेली, त्या गाडीवर ७ हॅण्डब्रेक लावलेले होते आणि ओढून बघितलं तेव्हा इंजिनाचा एअरब्रेक सुरू होता. चौकशीत किमान १७ ते २६ हॅण्डब्रेक लागले असते असा हिशेब निघाला.

म्हणून रिलीज हँडल ओढून सिलिंडर पूर्ण रिकामा करा, पिस्टन आत गेल्याची खात्री करा. ब्रॅकेट आणि सोलबार दोन्हींवरून जाणारी एक सरळ खडूची रेघ ओढा, नट आणि बोल्टच्या टोकावरूनही एक. मग एका माणसाने, पाइप न लावता, पूर्ण जोराने चाक आवळावं. १० मिनिटांनी रेघ तुटलेली दिसली तर ब्रॅकेट सरकला. ज्या बोगीला हॅण्डब्रेक लागू आहे तिचे सगळे ब्लॉक सब्बलीने हलवून बघा, एकही हलता कामा नये. पुल रॉडवर टोला मारा, ताणलेला रॉड वाजतो.

आता उलटी बाजू. हॅण्डब्रेक पूर्ण सोडा, पुल रॉड सैल पडलाय का बघा आणि कॉक उघडून एअरब्रेक लावा. बॉक्सएनला पिस्टन स्ट्रोक (पिस्टन बाहेर येण्याचं अंतर) रिकाम्यात ८५ मिलिमीटर, भरलेल्यात १३०, दोन्हीकडे १० चा फरक चालतो. तो कमी-जास्त आला तर हॅण्डब्रेकचा रॉड आखूड बसलाय का ते आधी तपासा आणि मगच स्लॅक अॅडजस्टरला (ब्लॉकची झीज भरून काढणाऱ्या भागाला) हात लावा. रॉड ताणलेला राहिला तर ब्लॉक चाकाला चिकटून धावतात आणि पुढच्या स्टेशनावर धूर दिसतो.

वेल्ड थंड झाल्यावर डाय पेनिट्रंटची शेवटची फेरी, ती स्वच्छ निघाल्यावरच प्रायमर आणि रंग. बुशात आणि स्क्रूवर ग्रीस, आवळण्याची दिशा दाखवणारा बाण पुसट झाला असेल तर नव्याने, आणि वॅगन क्रमांकासह ब्रॅकेट बदलल्याची नोंद रजिस्टरमध्ये.