तुम्ही विचारलंत म्हणून: इस्रायलला का नाही गेलात?

हा प्रश्न मला बँकेत विचारलाय, लग्नाच्या पंगतीत विचारलाय, दवाखान्यात रक्तदाब मोजतानाही विचारलाय. आधी नाव ऐकून "ख्रिश्चन का?" असं होतं. नाही हो, बेने इस्रायल, म्हणजे इथले ज्यू, असं सांगितलं की समोरचा चेहरा खुलतो. "अरे वा! मग तुम्ही तिकडे का नाही गेलात?"

विचारणारा मनापासून विचारतो, म्हणून मी आजवर "इथंच बरं आहे" म्हणून मोकळी होत आले. पण ते उत्तर अर्धं आहे. पुरं उत्तर द्यायचं तर वडिलांच्या एका वहीपासून सुरुवात करायला हवी.

आमची माणसं कोकणातली. गलबत फुटलं, सात जोडपी नवगावच्या किनाऱ्याला लागली, त्यांचे आम्ही वंशज, अशी आमच्यातली पिढ्यान्‌पिढ्यांची कहाणी. तेलाचा धंदा, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं ठेवलेलं नाव शनवार तेली. आडनावं गावांवरून: पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर. मुंबईत 1796 साली सॅम्युएल दिवेकरांनी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधलं. आम्ही त्याला अजून जुनी मशीद म्हणतो, आणि मशीद बंदर स्टेशनाचं नाव तिच्यावरूनच पडलं, असं आमच्या घरी ठामपणे सांगत. वडील रेल्वेत कारकून, घर जेकब सर्कलजवळ. मलिद्याच्या, म्हणजे आमच्या आभाराच्या प्रार्थनेच्या, ताटात पोहे, गूळ, खोबरं. प्रार्थना हिब्रूत आणि भांडणं मराठीत.

माझी आत्या 1960 साली इस्रायलला गेली. तिथल्या 1950 च्या कायद्यानं जगातल्या कुठल्याही ज्यूला तिथं येऊन नागरिक होता येतं. तिला कागद मिळाला, खोली मिळाली, शिवणाच्या कारखान्यात काम मिळालं. तिथं मोरोक्कोहून आलेल्या एका मुलाशी तिचं जुळलं. आणि लग्न अडलं.

इस्रायलमध्ये नोंदणी पद्धतीचं लग्न नाही. ज्यूंची लग्नं धर्मपीठाच्या, रब्बींच्या म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या हातात. 1962 च्या फेब्रुवारीत मुख्य रब्बींनी फर्मान काढलं: बेने इस्रायल माणसाचं इतर ज्यूंशी लग्न लावायचं असेल, तर त्याची आई, आजी, आणि जमेल तितक्या मागच्या पिढ्या ज्यू होत्या का, हे आधी तपासा. पोलंडच्या मुलीला कुणी हे विचारत नव्हतं. फर्मानात नाव फक्त आमचं होतं.

आत्याचं पत्र आलं: दादा, आईच्या आईचं, तिच्या आईचं नाव लिहून पाठव, पुराव्यासकट.

वडिलांनी दोनशे पानी वही घेतली. रविवार आला की निघायचे. जुन्या मशिदीतली लग्नांची रजिस्टरं, पेणच्या एका म्हाताऱ्या नातेवाइकांची ट्रंक, नवगावचं कबरस्तान. जुन्या नोंदींमध्ये पुरुषांची नावं सापडत. बायका "अमक्याचं कुटुंब" म्हणून येत. वहीत पहिल्या पानावर आजीचं नाव आहे, माणिकबाई. तिच्या वर लेआबाई. त्याच्या वरच्या ओळीत वडिलांनी नुसतं "आई" लिहून पुढे जागा सोडलीय. ती जागा आजही कोरी आहे.

वडिलांना राग क्वचितच यायचा. त्या वर्षी ते म्हणाले, "पोरीला देश दिला आणि लग्न द्यायला आजीच्या आजीचं नाव मागतात." आणि पुढे जे म्हणाले तेच खरं तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: "इथं मला आजवर ते कुणी विचारलेलं नाही. मी कुठं जाणार?"

आत्यासारखी माणसं तिकडे गप्प बसली नाहीत. 1964 च्या उन्हाळ्यात शेकडो बेने इस्रायल जेरुसलेममध्ये ठाण मांडून बसले, बायकामुलांसकट. बातमी इस्रायलबाहेर गेली, भारतातही आली. ज्या देशानं स्वतःला जगातल्या सगळ्या ज्यूंचं घर म्हटलं, त्याच्या राजधानीत सावळे ज्यू रस्त्यावर बसलेत, हे त्या सरकारला परवडणारं नव्हतं. ऑगस्टमध्ये त्यांच्या संसदेनं, क्नेसेटनं, ठराव केला की बेने इस्रायल सर्व अर्थांनी ज्यू आहेत. फर्मानातून आमचं नाव गेलं. आत्याचं लग्न त्यानंतर झालं.

कागदावरचा नागरिक आणि खराखुरा नागरिक यांच्यामध्ये किती अंतर असतं, आणि ते बऱ्याचदा बातमी झाल्याशिवाय कापलं जात नाही, हे मी त्या गोष्टीतून शिकले. 1996 च्या जानेवारीत इथिओपियाहून आलेल्या ज्यूंच्या बाबतीत तेच झालं. त्यांनी दिलेलं रक्त इस्रायलची रक्तपेढी घेत होती आणि गुपचूप फेकून देत होती. मारीव्ह या तिथल्याच वृत्तपत्रानं ते छापलं, तेव्हा हजारो माणसं पंतप्रधानांच्या कार्यालयावर चालून गेली. छापून येईपर्यंत ती माणसं रांगेत उभी राहून, देशसेवा म्हणून, रक्त देत होती. हे वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पण वर्तमानपत्र माणसाला आवाज देतं तसं त्याला परकंही करतं, आणि हे मी मुंबईतच पाहिलं.

भारतानं इस्रायलला 1950 सालीच मान्यता दिली होती, पण पुरते राजनैतिक संबंध 1992 च्या जानेवारीत जोडले. मधली चाळीसेक वर्षं इस्रायलची मुंबईत नुसती एक कॉन्सुलेट, वकिलातीपेक्षा धाकटी कचेरी. 1982 साली तिथल्या कॉन्सुलनं मुंबईच्या एका इंग्रजी साप्ताहिकाला मुलाखत दिली, भारत अरब देशांची मर्जी राखतो अशी टीका केली, आणि दिल्लीनं त्याला देश सोडायला सांगितलं. मी तेव्हा डीएडच्या वर्गात होते. वडिलांच्या ऑफिसात वीस वर्षं शेजारच्या टेबलावर बसणारे गृहस्थ म्हणाले, "तुमच्या माणसाला हाकललं की हो." वडील म्हणाले, "माझा माणूस कुठला? माझे साहेब चर्चगेटला बसतात." घरी आल्यावर मात्र ते बराच वेळ बोलले नाहीत. त्या काळात घरी आत्याचं पत्र आलं की ते पाकीट टेबलावर राहत नसे, लगेच कपाटात जाई. कुणी काही म्हटलं नव्हतं. तरी कपाटात जाई.

आज तेच पाकीट मी चारचौघांत उघडलं तर लोक कौतुकानं बघतील. हे मला फार विचित्र वाटतं. वडील आणि मी, दोघांनी याच गल्लीत कर भरला, मतं दिली, मी महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं. आमच्यात काही बदललं नाही. दोन सरकारांचं जमायला लागलं, पडद्यावरचा सूर बदलला, आणि शेजारच्या टेबलावरचा "तुमच्या माणसाला हाकललं" जाऊन "तुमचा देश जबरदस्त हो" आला. मला दोन्ही वाक्यं सारखीच बोचतात. दोन्हींत मला माझ्या देशातून उचलून दुसरीकडे ठेवलेलं असतं.

2008 च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, त्यात कुलाब्याचं नरिमन हाउस, तिथलं ज्यूंचं केंद्रही होतं, तेव्हा एका वाहिनीच्या मुलीनं माझा नंबर शोधून काढला. मी फोनवर रडत बोलले. शहरात मेलेल्या सगळ्यांबद्दल बोलले, सीएसटीबद्दल बोलले, कारण माझा एक विद्यार्थी त्या रात्री तिथल्या गर्दीत अडकला होता. रात्री पाहिलं तर माझी दोनच वाक्यं होती आणि खाली पट्टी: "मुंबईतील इस्रायली समुदाय शोकाकुल". त्या हल्ल्याच्या थेट प्रक्षेपणाबद्दल सर्वोच्च न्यायालयानं 2012 च्या निकालात वाहिन्यांना खडे बोल सुनावले. जवानांचे जीव धोक्यात घातल्याबद्दल. त्या मोठ्या गुन्ह्यापुढे माझी पट्टी काहीच नाही, हे मला कळतं. पण ती चुकीची होती, आणि दुरुस्त झाली नाही.

आता शेखबाईंबद्दल. त्या आमच्या शाळेच्याच इमारतीतल्या उर्दू शाळेत शिकवायच्या, मधल्या सुट्टीत आम्ही डबा एकत्र खायचो. दुसऱ्या देशाचा प्रश्न त्यांनाही विचारला जातो. देश वेगळा, आणि त्यात "का नाही गेलात" नसतं, "जा" असतं. ऑक्टोबर 2023 मध्ये हमासनं इस्रायलवर हल्ला केला, गाझात युद्ध पेटलं, आणि आम्हा दोघींनाही लोक गाठू लागले, मला अभिनंदन करायला आणि त्यांना जाब विचारायला. गाझातली मुलं बघून दोघींनाही झोप नव्हती, आणि मला आत्याच्या नातवाची काळजी होती, तो सैन्यात. हे कुठल्याच पट्टीत मावत नाही.

आत्या लोदला राहते. ते ज्यू आणि अरब दोघांचं शहर. तिचा औषधवाला अरब, इस्रायलचाच नागरिक. तिथले साधारण पाचातले एक नागरिक अरब आहेत. 1966 पर्यंत त्यांच्यावर लष्करी अंमल होता, आणि 2018 च्या कायद्यानं अरबीचा राजभाषेचा दर्जा काढला. 2021 च्या मे महिन्यात लोदमध्ये दंगल पेटली. तेव्हा आत्या फोनवर म्हणाली, "त्याला म्हणतात, जॉर्डनला जा. त्याचा आजा ह्याच गल्लीत जन्मला गं." एवढं बोलून ती गप्प झाली. मग म्हणाली, "दादाची वही आहे का अजून?"

वही आहे. ती मी 2020 च्या जानेवारीतही काढली होती. आसामच्या नागरिक नोंदणीतून 19 लाखांहून अधिक माणसं बाहेर राहिल्याचं आदल्या ऑगस्टमध्ये जाहीर झालं होतं, डिसेंबरात नागरिकत्वाचा नवा कायदा आला होता, आणि रोज रात्री वाहिन्यांवर कोण आपलं, कोण घुसखोर, यावर आरडाओरडा चालला होता. महाराष्ट्रात तशी नोंदणी झाली नव्हती. तरी शेखबाई एका दुपारी प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आल्या. आत नवऱ्याचा जन्मदाखला, सासऱ्यांचं रेशनकार्ड, मालेगावच्या घराचा सातबारा. सगळे कागद पुरुषांचे.

"बाई," त्या म्हणाल्या, "तुमच्या वडिलांनी आजीच्या आजीचं नाव शोधलं होतं ना? कुठं कुठं गेले होते ते?"

मी वही उघडली. कबरस्तान, लग्नाचं रजिस्टर, म्हाताऱ्या नातेवाइकांच्या ट्रंका, असं एकेक सांगत गेले आणि त्या लिहून घेत गेल्या. मग त्यांनी पिशवीतून कोरा कागद काढला, वर आपलं नाव लिहिलं, त्यावर आईचं, त्यावर आजीचं. त्याच्या वरच्या ओळीत त्यांनी "अम्मी" लिहिलं आणि पेन थांबलं.