तुम्ही विचारलंत म्हणून : घरात बाळ आल्यावर कॅम्पेनचं काय करायचं?

टेबलटॉप रोलप्लेइंग, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र घ्यायचं आणि फासे टाकत मिळून गोष्ट रचायची, असा खेळ खेळणाऱ्या मंडळींकडून एक प्रश्न सारखा येतो. लग्न झालं, मूल झालं, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या औषधपाण्याच्या वेळा अंगावर आल्या. आता दर खेपेला चार तास कुठून काढायचे? खेळ सोडून द्यायचा का? आणि नाही सोडला, तर ग्रुप सांभाळून घेईल का?

सोडू नका. पण मोकळ्या दिवसांत सुरू केलेलं कॅम्पेन (अनेक बैठकांत चालणारी एकच सलग गोष्ट) आहे तसंच पुढे ओढूही नका. टेबलं, म्हणजे खेळणारे ग्रुप, मोडतात ती बहुतेक वेळा 'सगळे आले तरच खेळायचं' या एका अलिखित नियमामुळे. हिशेब करून बघा. डीएम (गोष्ट चालवणारा) आणि चार खेळाडू, असे पाच जण. प्रत्येकाला पाचपैकी चार वेळा यायला जमतं आणि एकाच्या अडचणीचा दुसऱ्याच्या अडचणीशी संबंध नाही, असं धरू. पाचही जण एकत्र जमण्याची शक्यता उरते ३३ टक्के. पंधरवड्याला एक सेशन (खेळाची बैठक) म्हणजे वर्षाला २६ तारखा, त्यातल्या आठ-नऊच हाती लागतात. तेच 'डीएम आणि चारपैकी कोणतेही तीन' असं ठरवलं, तर शक्यता साडेपासष्ट टक्क्यांवर जाते आणि सतरा सेशन होतात. 'कोणतेही दोन' म्हटलं तर वीस. माणसं तीच आणि त्यांच्या अडचणीही त्याच, तरी खेळ दुपटीहून जास्त होतो. एकाच घरातले दोघं खेळत असतील, तर मुलाला ताप आला की दोन खुर्च्या एकदम रिकाम्या होतात. अशा टेबलावर 'कोणतेही दोन' हाच आकडा धरावा.

तारीख मतदान घेऊन ठरवू नका. प्रत्येक जण दुसऱ्याचं उत्तर येईपर्यंत थांबतो आणि आठवडा उलटतो. वार आणि वेळ एकदाच पक्की करा. सुरुवातीची वेळ मूल झोपण्याच्या वेळेनंतर पाऊण तासाची असावी, कारण ज्या दिवशी आई किंवा बाबाला घाई असते त्याच दिवशी मूल झोपत नाही. न येणाऱ्याने आदल्या संध्याकाळपर्यंत कळवायचं. कारण विचारायचं नाही. डीएमलाच जमत नसेल, तर दुसऱ्या कुणीतरी वन-शॉट (एकाच बैठकीत संपणारी गोष्ट) चालवायचा. त्यासाठी एका पानात नियम संपणारा एखादा खेळ आणि तयार पात्रं एका फोल्डरमध्ये कायमची ठेवा. सलग दोन तारखा रद्द झाल्या की तिसऱ्या तारखेला, दोनच जण आले तरी, काहीतरी खेळायचंच. तीन तारखा हुकलेलं टेबल बहुधा पुन्हा बसत नाही.

चार तासांच्या सेशनची सवय मोठ्या संमेलनांतल्या वेळापत्रकांनी पक्की केली. घरच्या टेबलाला ती पाळायची गरज नाही, दोन तासांत पूर्ण सेशन होतं. पहिली पंधरा मिनिटं गप्पांना द्या. ती कापायला गेलात तर लोक खेळ चालू असताना गप्पा मारतात. पाच मिनिटं मागचा गोषवारा, आणि तो डीएमने नाही, एखाद्या खेळाडूने सांगायचा. मग पाऊण तास एखाद्या जागेचा किंवा माणसांचा शोध, चाळीस मिनिटं मोठी अडचण किंवा लढाई. उरलेला वेळ लूट वाटायला, परतीला आणि पुढच्या खेपेला कुठे जायचं ते ठरवायला.

हे बिघडतं ते एकाच ठिकाणी : शेवटच्या अर्ध्या तासात लढाई सुरू होते. चार खेळाडू आणि डीएम, प्रत्येकाच्या पाळीला दोन मिनिटं धरली तरी एक राउंड दहा मिनिटांचा. चार राउंड म्हणजे चाळीस मिनिटं, तीही कुणी नियम उघडून बघितला नाही तर. म्हणून घड्याळात पन्नासपेक्षा कमी मिनिटं उरली असतील, तर नवी लढाई काढायची नाही. लढाई आखूड करायचे साधे उपाय आहेत. हल्ल्याचा वीस बाजूंचा फासा आणि इजेचे फासे एकदमच टाकायचे. डीएमने राक्षसांच्या इजेसाठी फासे न टाकता छापलेली सरासरी घ्यायची. 'आता तुझी पाळी, नंतर तिची' असं आधीच सांगायचं, म्हणजे पुढचा माणूस विचार करून तयार असतो. आणि शत्रूचे निम्मे हिट पॉइंट (किती जीव उरला ते मोजणारे गुण) गेले की त्याला पळू द्यायचं. जीव वाचवून पळणारा शत्रू पुढच्या सेशनला कामाला येतो.

हजेरी कमी-जास्त होणार हे मान्य केलं की कथेचा सांगाडाही तसाच हवा. गेम डिझायनर बेन रॉबिन्सच्या कॅम्पेनमुळे 'वेस्ट मार्चेस' नावाने ओळखली जाणारी पद्धत इथे फार उपयोगी पडते. ठरलेली टोळी नाही. जे येतील ते गावातून निघतात आणि सेशन संपायच्या आत गावात परततात. त्यामुळे गुहेच्या मध्यावर कथा अडकत नाही आणि 'गेल्या वेळी होता तो आज कुठे गेला' हा प्रश्नच येत नाही. न आलेल्याचं पात्र दुसऱ्या खेळाडूने चालवू नये, कारण ते मेलं तर मैत्रीत कडवटपणा येतो. डीएमनेही चालवू नये, त्याच्या हाती आधीच पुष्कळ असतं. ते पात्र गावात राहिलं, बस्स.

एक गोष्ट मात्र मी ठामपणे सांगेन : लेव्हल (पात्राच्या ताकदीची पायरी) सगळ्यांची एकदम वाढवा, हजेरी असो वा नसो. जो येईल त्यालाच लेव्हल वाढवणारे एक्स्पीरियन्स पॉइंट, हा नियम वरवर न्याय्य वाटतो. पण त्याने तीन सेशन हुकलेली आई चौथ्या सेशनला दोन लेव्हल मागे असते, लढाईत तिचा उपयोग होत नाही, आणि पाचव्या सेशनला ती येत नाही. तिला कुणी काढलेलं नसतं, नियमाने काढलेलं असतं.

डीएमच्या तयारीला अर्धा तास आणि एक पान पुरतं. सुरुवातीचा एक धक्का, दोन जागा, तीन माणसं आणि प्रत्येकाला हवी असलेली एकेक गोष्ट, एक लढाई आणि पाच गुपितं. ही गुपितं कुठल्याही जागेला किंवा माणसाला बांधू नका. कोण येणार, कुठे जाणार हे माहीत नसतं, त्यामुळे ते जिथे जातील तिथे गुपित सापडलं पाहिजे.

नवजात बाळाच्या पहिल्या काही महिन्यांत डीएम होऊ नका. खेळाडू म्हणूनही टेबलावर बसणं जड जात असेल, तर मेसेजवर चालणारा खेळ बघा. दिवसाला एक मेसेज, अठ्ठेचाळीस तासांत उत्तर नाही आलं तर डीएम त्या पात्राला सुरक्षित काहीतरी करायला लावून पुढे जातो. ही मुदत पहिल्याच दिवशी ठरवली नाही, तर मेसेजवरचे खेळ कुणाच्या तरी उत्तराची वाट बघत बंद पडतात. एकट्याने खेळणंही कमी प्रतीचं नाही आणि नवं तर मुळीच नाही. 'टनेल्स अँड ट्रोल्स'साठी एकट्याने खेळायचं साहस १९७६ मध्येच छापलं गेलं होतं. २०१८ मधला 'आयर्नस्वॉर्न' फुकट मिळतो आणि तो एकट्याने, डीएमशिवाय दोघांनी किंवा डीएमसह, असा तिन्ही प्रकारे खेळता येतो. बाळ कडेवर झोपलंय आणि एक हात मोकळा आहे, तेवढ्यातही तो होतो.

फाशांकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासताना सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. तिच्यात जी वस्तू पूर्ण मावते ती गिळली जाण्याचा, घशात अडकण्याचा धोका असतो. नेहमीच्या सात फाशांच्या संचातला प्रत्येक फासा त्या नळीत आरामात मावतो, वीस बाजूंचासुद्धा. म्हणून सेशनच्या आधी मोजा, नंतर मोजा, आणि सात भरेपर्यंत दिवा मालवू नका. त्याहून बरं म्हणजे झाकणाच्या पारदर्शक डबीत फासा कायमचा बंद करून टाका आणि डबीच हलवा. आवाज कमी होतो, फासा घरंगळून सोफ्याखाली जात नाही. जुन्या धातूच्या मिनिएचरमध्ये (पात्रांच्या छोट्या मूर्तींमध्ये) शिसं असू शकतं. त्या मुलांच्या हाती देऊ नका, स्वतः हाताळल्यावर हात धुवा.

मूल चार-पाच वर्षांचं झालं की ते विचारणारच, 'मी पण?' टेबलावर मुलं आली की खेळ पातळ होतो असं मानणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा या प्रकारातला पहिला खेळ छापून येण्याआधी त्याचा एक जनक गॅरी गायगॅक्सने आपलं भुयारातलं साहस पहिल्यांदा चालवलं ते स्वतःच्या मुलांसाठी. या छंदाचा उगमच घरच्या टेबलावरचा आहे.

या वयाला एकच सहाबाजूंचा फासा द्या, तीन किंवा जास्त पडलं की जमलं. म्हणजे तीनपैकी दोन वेळा यश. चारला यश ठेवलं तर निम्म्या वेळा अपयश येतं आणि या वयात ते सोसत नाही. अपयश आलं तरी 'काहीच झालं नाही' असं कधी म्हणू नका. दार उघडलं नाही, पण पलीकडून कुणीतरी टकटक केलं. वीस ते तीस मिनिटांत थांबा, मूल 'अजून' म्हणत असतानाच. डीएम झालेले आईबाप बोलतात फार. तीन वाक्यं झाली की प्रश्न विचारा : मग तू काय करशील? कॅरेक्टर शीट (पात्राची माहिती लिहायचा कागद) म्हणजे मुलाने काढलेलं चित्र आणि त्याखाली त्याला येणाऱ्या तीन गोष्टी, एवढंच.

आठ-नऊ वर्षांपासून दोन सहाबाजूंचे फासे वापरता येतात. बेरीज दहा किंवा जास्त आली तर पूर्ण यश, सात ते नऊ आली तर यश पण काहीतरी किंमत मोजून, सहा किंवा कमी आली तर नवी अडचण. या मांडणीचा प्रसार 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'ने २०१० पासून केला. तो खेळ स्वतः मोठ्यांचा आहे, पण फाशांची ही पद्धत मुलांना लगेच समजते. फाशांच्या बेरजेत एक मिळवायला दिला, तर शंभरातून बहात्तर वेळा काहीतरी हाती लागतं. मधल्या 'यश, पण' मध्ये मुलं इतकी रमतात की किंमत काय ते स्वतःच सुचवू लागतात. बेरजा त्या ओघात आपोआप होतात. त्याचा अभ्यास करू नका, मुलांना ते लगेच कळतं.

बिनसतं ते ठरलेल्या जागी. पाळीव प्राण्याला काही झालं की रडू येतं, म्हणून प्राणी मरत नाही हा नियम आधीच सांगा. हिट पॉइंट शून्य झाले तर नायक मरत नाही, पकडला जातो. भावंडांत मोठं बोलत राहतं आणि धाकटं गप्प बसतं. त्यावर उपाय म्हणजे एक बिल्ला फिरवायचा, ज्याच्या हातात बिल्ला त्याचाच निर्णय. झोपायच्या आधीच्या तासात भुतं नकोत. आणि टेबलावर एक कार्ड ठेवा. जॉन स्टॅव्रोपुलोसचं हे 'एक्स-कार्ड' : कुणीही त्याला हात लावला की चालू असलेली गोष्ट बदलायची, कारण विचारायचं नाही. मोठ्यांच्या टेबलावर त्यावर वाद घालणारे भेटतात, मुलं पहिल्याच मिनिटाला ते समजून घेतात.

आता ग्रुप सांभाळून घेईल का, याबद्दल. हा समाज एकत्र आला की काय करू शकतो ते जानेवारी २०२३ मध्ये दिसलं. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' छापणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्टने खुल्या परवान्याच्या (ज्याखाली इतरांना त्या नियमांवर आपली पुस्तकं छापता येतात) अटी आवळायचं ठरवल्याचा मसुदा बाहेर आला, खेळाडू आणि छोटे प्रकाशक खवळले, आणि २७ जानेवारीला कंपनीने पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा संदर्भग्रंथ क्रिएटिव्ह कॉमन्स या कुणालाही फुकट वापरू देणाऱ्या परवान्याखाली खुला केला. संसारी माणसाला त्याचा थेट फायदा आहे : ते नियम फुकट आहेत. २०२४ ची सुधारित पुस्तकं चांगली की २०१४ ची, या वादात पडण्याची किंवा नवा संच घेण्याची काहीही निकड नाही. ज्या पुस्तकाचे नियम ग्रुपला पाठ आहेत तेच दोन तासांच्या सेशनला सर्वांत चांगलं.

पण परवान्यासाठी लढणारा हाच समाज हजेरीला निष्ठेची कसोटी समजतो, आणि ते मला खटकतं. वर्षानुवर्षं चालणारं कॅम्पेन हाच खरा खेळ, वन-शॉट म्हणजे तात्पुरती सोय, ही उतरंड टाकून दिली पाहिजे. व्यावसायिक कलाकारांचे चित्रित खेळ बघून लोक तशा टेबलाची अपेक्षा करतात, पण त्यांचं ते काम आहे, तो वेळ त्यांनी कामाचा म्हणून काढलेला असतो. आणि आईबाप दोघं खेळणारे असले की मूल झाल्यावर घरी थांबते ती बहुधा आईच. ग्रुपने हे उघड बोलावं. एक तारीख तिची, एक त्याची. दोघांनी मिळून एकच पात्र आळीपाळीने चालवलं तरी चालतं. त्या पात्राच्या वहीत प्रत्येकाने शेवटच्या पाच मिनिटांत चार ओळी लिहायच्या : कुठे आहोत, कुणाचं देणं लागतो, काय हरवलं, पुढे काय.

सगळं करूनही काही काळ थांबावं लागलं, तर गप्प बसून गायब होऊ नका. दोन सेशन आधी सांगा. पात्राला निघून जायचं कारण कथेत द्या : दूरचं काम, तीर्थयात्रा, कैद. मरण नको, कारण परतीचं दार उघडं हवं. कॅरेक्टर शीटचा फोटो डीएमकडे ठेवा. आणि ग्रुपने त्या माणसाला मेसेजच्या यादीतून काढू नये, पुढच्या तारखा त्यालाही कळत राहाव्यात.