सिलिंडरमधले पाणी

नेमबाजीच्या रेंजवर एअर रायफली दुरुस्त करण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे. माझ्या टेबलावर येणाऱ्या रायफलींपैकी कितीतरींचा दोष रायफलीत नसतो, तर तिच्यात भरल्या जाणाऱ्या हवेत असतो, हे मला अनुभवाने ठाऊक होते. तरीही त्या दिवशी जे पाहिले, त्याने मी काही क्षण गप्प झालो.

सतरा वर्षांची एक नेमबाज मुलगी वडिलांबरोबर आली होती. स्पर्धा तीन आठवड्यांवर होती. तिची तक्रार नेमकी होती: सलग नेम धरताना सगळे ठीक चालते, पण दहा मिनिटे थांबून पुन्हा उभे राहिले की पहिला छर्रा वर जातो. यासाठी तिने उभे राहण्याची ढब बदलून पाहिली होती, ट्रिगर दोनदा जुळवून घेतला होता आणि शेवटी दोष आपल्याच मनाचा आहे असे ठरवून टाकले होते.

मी रायफल छर्ऱ्याचा वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफसमोर धरली. सलग दहा छर्ऱ्यांचा वेग सेकंदाला 172 मीटरच्या आसपास राहिला. दहा मिनिटे थांबून अकरावा सोडला, तेव्हा आकडा 182 दिसला. हा फरक किरकोळ वाटेल; पण दहा मीटरवर त्याने छर्रा जवळपास पावणेदोन मिलिमीटर वर लागतो, आणि दहाचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असल्यामुळे 10.9 चा, म्हणजे सर्वाधिक गुणांचा, नेम 10.2 वर येतो. मुलगी आकड्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे चूक माझी नव्हती?"

रायफलीला जोडलेल्या हवेच्या सिलिंडरमधला 200 बारचा (म्हणजे बाहेरच्या हवेच्या जवळपास दोनशे पट) दाब थेट छर्ऱ्यामागे जात नाही. रेग्युलेटर तो उतरवून एका ठरावीक पातळीवर धरून ठेवतो. रेग्युलेटरच्या बैठकीवर, म्हणजे हवेची वाट बंद करणाऱ्या भागावर, कचरा अडकला की ती पूर्ण मिटत नाही, आणि रायफल नुसती पडून असतानाही आतला दाब हळूहळू चढत राहतो. कचरा कुठून आला हे पाहण्यासाठी मी सिलिंडर काढला, उलटा धरला आणि पांढऱ्या कागदावर त्यातली हवा अगदी सावकाश सोडली. आधी बारीक तुषार उडाले, मग कागदावर ओले डाग उमटले आणि त्या डागांत राखेसारखी पांढरट पूड दिसली. सिलिंडरचे ॲल्युमिनियम आतून खाल्ले जात असल्याची ती खूण होती.

"हवा कशाने भरता?" मी विचारले.

"हातपंपाने. पंप नवाच आहे," वडील जरा दुखावल्या सुरात म्हणाले.

पंप नवा असून भागत नाही, हे मी त्यांना कागदावरच मांडून दाखवले. सिलिंडर 0.2 लिटरचा आहे. तो 100 बारपासून 200 बारपर्यंत भरायचा म्हणजे खोलीतली 20 लिटर हवा त्यात कोंबायची. दमट दिवसात 30 अंश तापमानाला एवढ्या हवेत जवळपास अर्धा ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असते, आणि इतक्या दाबाखाली त्यातले फार थोडे वाफ म्हणून टिकते. बाकीचे पंपात तरी साचते किंवा सिलिंडरमध्ये तरी उतरते. हे गृहस्थ न थांबता पंप मारीत, मध्येच निचऱ्याचा स्क्रू उघडून साचलेले पाणी काढीत नसत, आणि पंपासोबत आलेली, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दाण्यांची नळी "पंप जड जातो" म्हणून त्यांनी काढून ठेवली होती. हातपंपाला मी नावे ठेवणार नाही. दाणे कोरडे ठेवून, पंप तापला की थांबून आणि पाणी काढत काढत भरले, तर एका रायफलीपुरते त्याने निभते. मात्र रोज सराव करणाऱ्याच्या घरी हा संयम फार दिवस टिकलेला मी पाहिलेला नाही.

रायफल जुनी घेतलेली असल्याने मी सिलिंडरवर छापलेली तारीखही पाहिली. अशा सिलिंडरांना साधारणपणे दहा वर्षांची मुदत असते, आणि ही मुदत उलटून सात महिने झाले होते. स्पर्धेच्या ठिकाणी साहित्य तपासणीत ही तारीख पाहिली जाऊ शकते. गंजलेला आणि मुदत संपलेला, अशा दोन कारणांनी तो सिलिंडर बाद झाला. रेग्युलेटर मी उघडून साफ केला, बैठक आणि ओ-रिंगा (हवा अडवणारी रबरी कडी) बदलल्या आणि त्यांना सिलिकॉन ग्रीसचा केवळ पुसटसा हात लावला.

हे चालू असताना वडिलांनी सहज विचारले, "आजोबांसाठी आणलेला ऑक्सिजनचा मोठा सिलिंडर घरी पडून आहे. जोडणी मिळाली तर त्यातूनच भरलं तर?"

मी हातातला पाना खाली ठेवला. शुद्ध ऑक्सिजन दाबाखाली झपाट्याने आत शिरताना तापतो, आणि तिथे तेलाचा किंवा ग्रीसचा अंश असला तर त्याला ठिणगीची गरज उरत नाही. माणूस गाल टेकवून उभा असताना रायफल फुटू शकते. हे मी त्यांना दोनदा सांगितले, आणि मुलीकडूनही वदवून घेतले. रायफलीत जाईल ती साधी, कोरडी, गाळलेली हवाच.

मग काय घ्यावे, हा प्रश्न उरला. स्वतःचा कंप्रेसर मी सुचवला नाही. एका रायफलीसाठी त्याचे फिल्टर, तेल आणि निचरा सांभाळणे म्हणजे आणखी एक यंत्र पोसणे. त्यापेक्षा बाहेरून भरून आणायचा आणि त्यातून रायफल भरायची असा साठवणुकीचा मोठा सिलिंडर बरा. तो घेताना लोक लिटर पाहतात, पण पाहायचा असतो तो दाब. 10 लिटरचा 232 बारचा सिलिंडर 200 बारपर्यंत भरून देताना वरचे फक्त 32 बार उपयोगी पडतात, म्हणजे हिशेबाने सोळा भरणे. त्याच रायफलीला 7 लिटरचा 300 बारचा सिलिंडर पस्तीस वेळा पुरतो. इतक्या दाबाला हवा हिशेबापेक्षा थोडी कमी मावते म्हणून तीस धरावेत. त्यांनी दुसरा घेतला. नळीची जोडणीही 300 बारचीच घ्यायला मी सांगितले, कारण कमी दाबाच्या जोडणीचे टोक मुद्दाम आखूड ठेवलेले असते आणि ते 300 बारच्या व्हॉल्व्हच्या आतल्या बैठकीपर्यंत पोहोचतच नाही. सिलिंडर भरून देणाऱ्याला फिल्टर शेवटचा कधी बदलला हे विचारावे, सिलिंडर पूर्ण रिकामा कधीच होऊ देऊ नये आणि दाबचाचणीची तारीख चुकवू नये, एवढेही सांगितले.

आठवड्याने ती दोघे नवे साहित्य घेऊन आली. मुलीने व्हॉल्व्ह केसभर उघडला आणि काटा सावकाश 200 वर नेला. व्हॉल्व्ह बंद केल्यावर वडील लगेच नळी सोडवू लागले, तेव्हा मी आधी नळीचा निचऱ्याचा स्क्रू उघडायला लावून तिच्यात अडकलेली हवा सोडवली. पाच मिनिटांनी रायफलीचा गेज 190 दाखवू लागला.

"काका, गळतंय का?" तिने घाबरून विचारले.

मी साबणाचे पाणी लावून दाखवले. एकही बुडबुडा आला नाही. भरताना तापलेली हवा निवली होती, एवढेच. तिने नळी पुन्हा जोडली, उरलेले 10 बार भरले आणि रायफल उचलून क्रोनोग्राफकडे गेली.