बिकानेरची वालुमाशी
आज बिकानेरमध्ये एका त्वचारोगतज्ज्ञांच्या ओपीडीत बसण्याची संधी मिळाली. समोरच्या मुलाच्या गालावर, कडा उंचावलेली आणि मध्ये खपली धरलेली जखम होती. ती दुखत नसल्यामुळे घरच्यांनी हळद लावत बरेच महिने वाट पाहिली होती. अशी जखम करणारा लेश्मानिया हा परजीवी शरीरात सोडणारी वालुमाशी जेमतेम २ ते ३ मिलिमीटरची असते, चावण्यापूर्वी गुणगुणत नाही आणि साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतून सहज आत शिरते, त्यामुळे घरच्यांना बोल लावणे मला तरी पटत नाही. दिवसा ती भिंतींच्या भेगांत किंवा गोठ्यात दडून बसते. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाचे नाव मिळालेला, १९६५ साली सापडलेला विषाणूही वालुमाश्याच पसरवतात. तरीही आपल्याकडे फवारणीची चर्चा डासांपुढे फारशी सरकत नाही.